आत्याची तीन चाकं

माझी आत्या दात करायची. ती दातांची डॉक्टर नव्हती. डॉक्टर लोकांच्या तोंडात बघायचे आणि त्या तोंडात जे बसायचं ते आत्या बनवायची. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली उरलेल्या जागेत तिचं टेबल होतं. टेबलावर मान वाकवता येणारा दिवा, मेण वितळवायची छोटीशी ज्योत, आणि समोरच्या फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीनं मांडलेले. लहानपणी मी तिथे गेले की आत्या मला एकेका जबड्याची ओळख करून द्यायची.

"हे आजोबा कुरकुरे आहेत. भाजीत मीठ कमी म्हणून रोज ताट सरकवतात. आणि ह्या बाई फार गोड बोलतात, पण ह्यांना काही सांगायचं नाही, लगेच गावभर करतात."

"तुला काय माहीत?"

"दाढा बघ ना किती झिजल्यात. ऐकून घेऊन दाढा झिजत नाहीत."

हे सगळं ती मनानंच रचायची. खरं तर तिला त्यांतल्या एकाचाही चेहरा माहीत नसे. डॉक्टर माप घेऊन साचा मागे पाठवायचे, सोबत वय आणि दातांच्या रंगाचा नंबर. कवळी तयार झाली की ती पुढे जायची, आणि पुढे तिचं काय झालं, ती कुणाच्या तोंडात हसली की कुणाच्या तोंडात भांडली, हे आत्याला कधी कळत नसे.

एक खोडी मात्र ती प्रत्येक कवळीत करायची. डाव्या सुळ्याच्या शेजारचा दात ती किंचित वळवून बसवायची. अगदी केसभर.

"सगळे दात सरळ कुणाचे असतात गं? माणूस काय कुंपण आहे?"

सुरुवातीला डॉक्टर चिडले. मग बसवून घेणाऱ्यांपैकी एकही तक्रार घेऊन आला नाही, तेव्हा त्यांनी तो विषय सोडून दिला.

गेल्या वर्षी दवाखान्यात मशीन आलं. ते कॉम्प्युटरवरच्या चित्रावरून दात कापून काढायचं आणि ते सगळे शिस्तीत, सरळ रांगेत उभे राहायचे. आत्याला निरोप म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. "आता वेळच वेळ आहे म्हणून घड्याळ दिलं," असं ती हसत सांगायची. पण ते घड्याळ तिनं भिंतीवर लावलं नाही.

तिनं लग्न केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि मजेत राहायची. पण काम सुटल्याबरोबर माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, तिची जबाबदारी अंगावर घेतली. तिनं ती दिली नव्हती, तरी घेतली.

बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभा जन्म त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी घरच्या माणसांकडे मोर्चा वळवला. आई "थोडी साखर घाला" म्हणाली की "थोडी म्हणजे किती?" असा प्रश्न ठरलेला. तर बाबांनी आमच्या घरातली मागची खोली आत्यासाठी रंगवून घेतली. फिकट हिरवा रंग, कारण तो डोळ्यांना बरा असतो म्हणे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. पलंगाजवळ घंटी बसवली, आणि ती वाजते की नाही हे बघायला आम्हा सगळ्यांना धावायला लावलं.

"खोली छान झालीय दादा," आत्या म्हणाली. "बघू."

आत्याचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या बाबांना.

त्यांनी त्या 'बघू'चा पिच्छा पुरवायचं ठरवलं. त्यासाठी आखली सुट्टी. बोटीनं जायचं, एका डोंगराळ बेटावर चार दिवस राहायचं, निवांत हवेत आत्याकडून होकार घ्यायचा. आई, मी, बाबा आणि आत्या असे आम्ही चौघं निघालो. बेट तसं लहान होतं. कडेकडेनं एक रस्ता सबंध बेटाला वळसा घालून पुन्हा धक्क्यावर यायचा, पण तो सरळ असा कुठेच नव्हता. एक टेकडी चढायची, उतरायची, की पुढची तयार. येणारे पाहुणे भाड्यानं सायकली घ्यायचे आणि हा वळसा पुरा करायचे. बाबांना ते कळलं मात्र, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम पक्का झाला.

"मी येत नाही," आईनं सांगितलं. "माझे गुडघे शहाणे आहेत." ती पुस्तक घेऊन हॉटेलच्या गच्चीवर जाऊन बसली, आणि त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय तिनंच घेतला असं मला पुढे अनेकदा वाटलं.

सायकलवाल्याच्या दुकानात बाबा आधीच जाऊन आले होते. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी गिअरच्या दोन चकचकीत सायकली उभ्या होत्या. आणि त्यांच्या शेजारी उभी होती तीन चाकांची एक लाल सायकल. मोठ्या माणसांची. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये सामान ठेवायला भलीमोठी पेटी. हँडलला भोंगा.

"ही तुझी," बाबा आत्याला म्हणाले. "पडायची भीतीच नाही."

आत्यानं त्या सायकलीभोवती एक फेरी मारली. लहानपणी ह्याच बाबांना मागे बसवून ती सायकलवरून शाळेत सोडायची, कारण बाबांना तोल सांभाळता यायचा नाही. ही गोष्ट आमच्याकडे फक्त आत्या सांगते. बाबा त्या वेळी नेहमी खोलीबाहेर जातात.

"दादा, मला दोन चाकांची चालेल की."

"तुझ्या वयाला नको."

"तू तर माझ्याहून मोठा आहेस."

"माझी गोष्ट वेगळी."

आत्या गप्प बसली. आत्या गप्प बसली की मी सावध होते. तिनं साखरेसारखं गोड हसून भोंगा एकदा वाजवून बघितला आणि सीटवर चढून बसली.

पहिल्या टेकडीलाच त्या लाल धुडाचं खरं रूप कळलं. सपाटीवर ते डुलत डुलत चालत होतं, पण चढ लागल्याबरोबर हटून बसलं. बाबा पुढे, मी मधे, आणि आत्या मागे पावलागणिक पॅडल मारतेय. प्रत्येक वळणावर बाबा थांबायचे आणि उपदेशाचा एक हप्ता द्यायचे.

"दम लागतोय ना? म्हणून म्हणतो, तिसरा मजला आता झेपायचा नाही."

"हं."

"आमच्याकडे तळमजला आहे."

"हो ना."

तिसऱ्या वळणावर आत्यानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "दादा, तुम्ही दोघं व्हा पुढे. तू थांबलास की मला संकोच वाटतो. मी येते माझी माझी."

बाबांना ते पटलं. बहिणीला संकोच वाटतो ह्याचं त्यांना जरा बरंही वाटलं. आम्ही पुढे निघालो. मी मागे वळून बघितलं तर आत्यानं मला डोळा मारला.

मागे काय झालं ते मला तिच्याकडूनच नंतर कळलं. रस्त्याच्या कडेला धुलाईची गाडी उभी होती. बेटावरच्या हॉटेलांतल्या मळक्या चादरी गोळा करायच्या आणि धुतलेल्या पोचवायच्या, असा तिचा दिवसभर वळसा चाललेला. गाडीवाला गालाला हात लावून पायरीवर बसला होता. आत्यानं त्याचा चेहरा बघितला आणि सायकलीवरून न उतरताच विचारलं, "अक्कलदाढ?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डोकं कुठल्या बाजूला कललंय त्यावरून. आ करा."

भर रस्त्यात त्यानं आ केला. आत्यानं पर्समधून लवंग काढून दिली, कुठे दाबून धरायची ते दाखवलं, बोटीनं जाऊन दाढ काढून घ्यायला बजावलं, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "वर चाललाय का?"

चढ अर्धा राहिला असेल. बाबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता आणि माझे पाय कापसाचे. तेवढ्यात मागून ती गाडी आली आणि आम्हाला मागे टाकून पुढे गेली. तिचं मागचं दार अर्धवट उघडं होतं. आत चादरींच्या ढिगावर लाल सायकल आडवी पडली होती आणि तिच्या शेजारी उशांना टेकून आत्या बसली होती. एखादी राणी पालखीतून प्रजेकडे बघते तशी तिनं मला हात केला. बाबा खाली मान घालून पॅडल मारत होते. त्यांना दिसला तो फक्त धूर.

टेकडीच्या माथ्यावर पोचलो तर आत्या कठड्यावर बसून संत्रं सोलत होती. सायकल शेजारी, सावलीत.

बाबा धापा टाकत सायकलवरून उतरले.

"तू... कशी आलीस?"

"आले हळूहळू."

"पण आम्हाला ओलांडून कधी गेलीस?"

"तू खाली बघत होतास ना दादा. मी हाक नाही मारली. म्हटलं, उगाच तुझी लय बिघडायची." तिनं संत्र्याची फोड त्यांच्यापुढे धरली. "तीन चाकांचं हे बरं असतं. तोल सांभाळायला ताकद जात नाही, सगळी चढायला मिळते."

मी पटकन समुद्राकडे तोंड फिरवलं. हसू आवरायला समुद्र फार उपयोगी पडतो.

बाबांनी सायकलीची तपासणी केली. पेटी उघडून बघितली, चेनला हात लावला, खाली वाकून कुठे मोटर लपवलीय का तेही बघितलं. तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस तो. काही सापडलं नाही. फक्त सीटवर चिकटलेला पांढरा धागा सापडला. तो त्यांनी बोटानं उचलला, निरखला आणि टाकून दिला.

दुसऱ्या टेकडीला बाबांनी आत्यावर नजर ठेवायचं ठरवलं होतं. ते दर थोड्या वेळानं मागे बघायचे. आत्या चिकाटीनं येतच होती. मग रस्त्यानं झाडीतून एक लांबलचक वळण घेतलं, आणि गाडीवाल्याच्या दाढेला तोवर चांगलाच आराम पडला होता. ह्या वेळी त्यानं सायकल चढवताना वर एक कोरी चादर अंथरली, म्हणजे मागचं दार नीट लावता आलं नाही तरी आत धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठाच दिसावा. गठ्ठ्यातून भोंगा एकदा वाजला. बाबा दचकून बाजूला झाले आणि म्हणाले, "काय बेशिस्त गाड्या चालवतात!"

दुसऱ्या माथ्यावर आत्या चक्क झोपली होती. झाडाखाली, तोंडावर टोपी घेऊन.

बाबा तिच्याकडे खूप वेळ बघत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं मोठं कोडं जवळजवळ सुटत आलंय असं काहीतरी होतं. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"माझी चूक झाली," ते हळूच म्हणाले. "वजनाची विभागणी. मागे दोन चाकं असल्यावर भार वाटला जातो. गिअरच्या सायकलीत तो सगळा एकाच चाकावर येतो. साधी गोष्ट, माझ्या लक्षात यायला हवी होती."

"हो का बाबा?"

"हो. आणि त्या दुकानदारानं माझ्या गळ्यात ही बारकी चाकं मारली." त्यांनी घसा साफ केला आणि आत्याला हाक मारली. "धाकटे, ऊठ. दमली असशील. आता माझी सायकल तू घे. मी ओढतो ती जड सायकल."

आत्यानं टोपी बाजूला केली. "नको रे दादा, मला सवय झालीय हिची."

"ऐक माझं."

"तुला कशाला त्रास?"

"थोरला मी आहे की तू?"

"बरं बाई," आत्या म्हणाली, "तुझा शब्द कसा मोडू?" आणि बाबांचं मन बदलायच्या आत ती गिअरच्या सायकलीवर बसून उताराला लागलीसुद्धा.

तो उतार मी विसरणार नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली निळं पाणी, आणि पुढे आत्या. पांढरे केस उडतायत, पाय पॅडलवरून काढून दोन्ही बाजूंना पसरलेत, आणि ती काहीतरी ओरडतेय. जवळ गेल्यावर कळलं की शब्द नव्हतेच, नुसतीच आरोळी होती. तिच्या वयाची बाई अशी ओरडताना मी पहिल्यांदा ऐकली. मीही ओरडले. मागून बाबांचा भोंगा क्षीणसा ऐकू आला, मग तोही आला नाही.

तिसऱ्या टेकडीनं आम्हा दोघींच्या तोंडाला फेस आणला, पण आम्ही ती चढलो. थोडी पॅडल मारत, बरीचशी सायकल ढकलत. पलीकडे खोलगट जागेत चार घरांची वस्ती होती आणि तिथे सोड्याचं एक दुकान. आम्ही बाकावर अक्षरशः कोसळलो. दुकानदार आजोबा खुर्चीत बसून आमचा अवतार बघत होते. आमच्याकडे बघून ते मोठ्यानं हसले.

आत्या पाणी पीत होती. तिचा हात तसाच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

ती उठली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"परत एकदा हसता का?"

"काय?"

"हसा ना जरा. आत्ता हसलात तसं."

आजोबा गोंधळले. मग त्यांनी पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला, खुर्चीत सरळ बसले आणि चांगलं ऐसपैस हसून दाखवलं. आतून त्यांची बायको डोकावली. एक परकी बाई वाकून आपल्या नवऱ्याच्या तोंडात बघतेय, हे बघून ती पदर खोचतच बाहेर आली.

"काय चाललंय?"

"ह्यांचे दात फार सुंदर आहेत हो," आत्या म्हणाली.

"आहेतच," आजी ठसक्यात म्हणाल्या. "लग्नाआधी मी तेवढंच बघितलं होतं. बाकी बघायला हवं होतं ते राहून गेलं."

"ह्या वयात सगळे दात शाबूत," आजोबा म्हणाले. "सगळी वस्ती विचारते, काय खाता म्हणून. सगळे माझे स्वतःचे आहेत. एकही गेला नाही."

मी आत्याकडे बघितलं आणि मग आजोबांच्या दातांकडे. डाव्या सुळ्याच्या शेजारचा दात किंचित वळलेला होता. अगदी केसभर.

आत्याच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं. पाणी असावं, पण तिनं ते तिथेच थोपवलं. उभ्या आयुष्यात तिनं जिन्याखाली बसून किती जबडे केले असतील, आणि त्यांतला एक आज तिला पहिल्यांदा उन्हात, माणसाच्या तोंडात, हसताना दिसत होता. तोही एवढ्या तोऱ्यात. तो दात एवढा खरा वाटत होता की त्यावर हे आजोबा आपल्या बायकोला इतकी वर्षं फसवू शकले होते. ह्याहून मोठं सर्टिफिकेट कुठल्या डॉक्टरनं दिलं असतं?

"खरंच," आत्या म्हणाली, "दात आपलेच आहेत. बघितल्याबरोबर ओळखले मी."

"बघ!" आजोबा बायकोला म्हणाले.

आजी सोडा आणायला आत गेल्या. आत्या पुन्हा वाकली आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, "रात्री पाण्यात ठेवता ना? गार पाण्यात ठेवा. गरम पाण्यानं वाकडे होतात."

आजोबांचा चेहरा पडला. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा आत्याकडे.

"ही आधी झोपते," ते कुजबुजले, "मग मी काढतो. सकाळी ती उठायच्या आत परत. कुणाला बोलू नका."

"माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. खालची बाजू घट्ट बसते का अजून?"

"भाकरी मोडतो मी त्यानं!"

आत्या बाकावर परत येऊन बसली. मग म्हणाली, "खालची बाजू करताना मला वाटलं होतं हा माणूस भांडखोर असणार. जबडा कसा पुढे होता. केवढा गरीब निघाला बघ." आणि मग स्वतःशीच हसत सुटली, इतकी की तिला ठसका लागला आणि मला पाठीवर थापट्या द्याव्या लागल्या.

आमचा दुसरा सोडा संपत आला तेव्हा भोंगा ऐकू आला. वळणावरून लाल सायकल आली. वर बाबा, छाती काढून, ताठ बसलेले. केस ओले होते, शर्ट ओला होता, पण श्वास मात्र अगदी शांत चालला होता. सकाळपासून पहिल्यांदाच.

"कसा होता चढ दादा?" आत्यानं विचारलं.

"काही नाही. आलो हळूहळू," बाबा म्हणाले. "तू म्हणालीस ते खरं आहे. तोल सांभाळायला ताकद जात नाही." ते बाकावर टेकले आणि मोठ्या मनानं पुढे म्हणाले, "आता पुढचा चढ तूच घे ह्या सायकलवर. एवढी चांगली सायकल मी एकट्यानं वापरावी हे बरं दिसत नाही."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी आत्याकडे बघितलं. दोघांचेही चेहरे लोण्यासारखे मऊ, निरागस.

बाबा सोडा घ्यायला वळले तेव्हा मला त्यांची पाठ दिसली. शर्टावर कागदाचा एक चौकोनी तुकडा टाचणीनं लटकला होता. त्यावर हॉटेलच्या खोलीचा नंबर आणि खाली लिहिलेलं: दुहेरी चादर, डाग आहे.

आत्या उठली. तिनं अलगद टाचणी काढली आणि तो कागद बाबांच्या समोर धरला.

"दादा, डाग कुठे आहे रे?"

बाबांनी कागद वाचला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"त्यानंच गाडी थांबवली," ते म्हणाले. "मी हात नव्हता केला. म्हणाला, सकाळी एका ताईंना दोनदा सोडलं, तुम्हालाही सोडतो. मी नाही म्हणत होतो."

"किती वेळ नाही म्हणत होतास?"

बाबांनी विचार केला. वजनमापे खात्यातला माणूस खोटं माप देत नाही.

"सायकल गाडीत चढवेपर्यंत," ते म्हणाले.

पहिलं हसू कुणाचं फुटलं ते आठवत नाही. आजी धावत बाहेर आल्या की हे कोण वेडे आलेत. बाबा बाकाची पाठ धरून हसत होते. मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. आत्या मधेच म्हणायची, "आणि केस? केस कशानं भिजवलेस?" आणि बाबा म्हणायचे, "ओढ्यावर!" आणि पुन्हा दोघांचं सुरू व्हायचं.

शेवटचा चढ कुणीच सायकलवर बसून केला नाही. आम्ही तिघं सायकली ढकलत निघालो. भाऊ-बहीण लाल सायकलीच्या हँडलला दोन बाजूंनी धरून चालत होते. गिअरची ती दुसरी सायकल आपोआप माझ्या हातात आली. मी मागे होते, पण बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"तू येणार नाहीस ना आमच्याकडे?" बाबांनी विचारलं.

"नाही रे."

"मग 'बघू' का म्हणालीस?"

"तुझं रंग देऊन झालं होतं."

बाबांनी सायकल थोडी पुढे ढकलली.

"तू एकटी असतेस. रात्री-बेरात्री काही झालं तर मला कळणार कसं, एवढंच डोक्यात असतं. बाकी काही नाही."

"रोज सकाळी फोन करीन मी."

"किती वाजता?"

"दादा!"

"बरं. सकाळी."

"आणि मी तिथे आले तर आपलं रोज भांडण होईल. इथे एका दिवसात मी तुला दोनदा शेंडी लावली. घरी किती लावीन?"

"दोनदा नाही," बाबा म्हणाले. "एकदाच. दुसऱ्यांदा मला थोडा संशय आला होता. भोंगा वाजला तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"सायकल बदलून मिळत होती ना."

आत्या थांबली आणि तिनं त्यांच्याकडे बघितलं. मीही थांबले. मग वजनाची विभागणी वगैरे जे मला सांगितलं होतं, ते काय होतं? बाबा मात्र समोर बघत सायकल ढकलत राहिले, आणि त्यातलं किती खरं आणि किती अब्रू वाचवायला नंतर जोडलेलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

माथ्यावर पोचल्यावर त्यांच्या पोटरीत गोळा आला. खाली धक्का दिसत होता, दुकान दिसत होतं, हॉटेलची गच्चीही दिसत होती. पण पाऊल टाकवेना.

"मागे बस," आत्या म्हणाली.

"कुठे?"

"पेटीत."

"मी? पेटीत?"

"शाळेत जाताना बसायचास ना मागे. बस."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. शाळेची ती गोष्ट निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच पळ काढला नव्हता. ते पेटीत बसले, तोंड मागे, पाय बाहेर लोंबकळत. आत्यानं भोंगा वाजवला आणि ब्रेक सोडला. दुसऱ्याच क्षणी बाबा माझ्यापासून दूर दूर जाऊ लागले. दोन्ही हातांनी पेटीच्या कडा धरलेल्या, डोळे मोठे झालेले. "हळू! धाकटे, हळू! वळण आहे!" वळणाआड गेल्यावर त्यांचा आवाज येत राहिला. मग त्या आवाजात आत्याची आरोळी मिसळली, आणि थोड्या वेळानं आरोळ्या दोन झाल्या.

मी दोन हातांत दोन सायकली धरून चालत उतरले. मला वेळ लागला. खाली पोचले तेव्हा आई धक्क्यावर येऊन उभी होती. गच्चीवरून तिला काहीतरी लाल उताराला लागलेलं दिसलं होतं आणि पुस्तक तिथेच टाकून ती आली होती.

"वन्सं, हे पेटीत काय करतायत?" तिनं आत्याला विचारलं.

"दमला बिचारा," आत्या म्हणाली. "वहिनी, जरा धरा, आपण दोघी मिळून काढू ह्याला. अडकलाय."

दोघींनी दोन्ही काखांत हात घालून बाबांना उपसलं. सायकलवाला दारात उभा राहून बघत होता. त्याला उद्देशून बाबा शर्ट नीट करत म्हणाले, "सायकल चांगली आहे तुमची. उद्यासाठी अशीच एक अजून मिळेल का?"